इराणची सहल आणि एका घरातले तीन पासपोर्ट

लंडनच्या ज्युबिली लाईनचे उत्तरेकडचे शेवटचे स्टेशन म्हणजे स्टॅनमोर. स्टेशनाबाहेर टेकडीचा चढ, मोठी झाडे, नीटनेटकी घरे. त्या घरांतून पूर्व आफ्रिकेतून आलेली गुजराती कुटुंबे, तामीळ, ज्यू, आणि अधूनमधून आपल्या बेटावरून गेलेले एखादे मराठी घर. अशाच एका घरी २०२४ सालच्या हिवाळ्यात आम्ही चार दिवस उतरलो होतो. घरधनी आमचे धाकटे काका. सत्तरच्या दशकात वाक्वाहून नर्सिंग शिकायला गेले आणि तिकडचेच झाले. बरोबर आमचे मोठे काकाही होते.

रात्रीच्या जेवणानंतर काकूंनी एक रंगीत माहितीपत्रक आमच्या पुढे ठेवले. इराणची सांस्कृतिक सहल: तेहरान, काशान, इस्फहान, यझ्द, शिराझ आणि पर्सेपोलिस. बरोबर इंग्रजी बोलणारा गाईड, संग्रहालयांची तिकिटे धरून सगळा खर्च. पुढच्या वर्षी घरातल्या चौघांनी जावे असा बेत होता. बोलता बोलता पासपोर्टांची गोष्ट निघाली आणि मग तासभर दुसरा विषयच निघाला नाही. धाकट्या काकांचा व काकूंचा पासपोर्ट ब्रिटिश, पुण्याहून आलेल्या सुनेचा भारतीय आणि मोठ्या काकांचा मॉरिशसचा. एकच कुटुंब, एकच सहल, पण इराणच्या दाराशी तिघांना तीन वेगळे नियम.

आधी हे सांगितले पाहिजे की हा बेत म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा भलताच छंद नव्हे. मराठी माणसाला इराण परका वाटण्याचे काही कारण नाही. चिटणीस, पोतनीस, फडणीस या आडनावांतला शेवटचा तुकडा फारसी आहे. पारसनीस म्हणजे तर दरबारात फारसी पत्रे लिहिणारा. 'पेशवा' हा शब्दही तिकडचाच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला तो कारभारात घुसलेल्या या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी, आणि तरीही आमच्या आजीच्या तोंडी बाजार, दरवाजा, कागद, जमीन हे शब्द शेवटपर्यंत होतेच. कवी माधव जूलियन स्वतः फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला.

आणि त्या माहितीपत्रकातली ठिकाणे पाहा. पर्सेपोलिसच्या जिन्यावर राजाला नजराणा घेऊन येणाऱ्या देशोदेशीच्या लोकांच्या रांगा कोरल्या आहेत. त्यांत भारतीयांची एक रांग आहे, कमरेला धोतर आणि खांद्यावर कावड घेतलेली. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे चित्र, पण कोकणातला माणूस ते लगेच ओळखील. इस्फहानच्या चेहेल सोतून महालाच्या भिंतीवर हुमायूनचा पाहुणचार रंगवला आहे आणि कर्नालची लढाईही. ती लढाई १७३९ ची. त्याच वर्षी इकडे चिमाजीअप्पा वसई घेत होते आणि तिकडे नादिरशहा दिल्ली लुटून परत चालला होता. गोवळकोंड्याच्या खाणीतला दर्याइनूर हिरा त्या लुटीतूनच इराणात गेला. तो आजही तेहरानच्या मध्यवर्ती बँकेच्या जवाहिरखान्यातला मानाचा हिरा आहे. शिराझचा कवी हाफिज याला तर दक्षिणेच्या बहमनी सुलतानाने गुलबर्ग्याला बोलावले होते. फेरिश्त्याच्या इतिहासात अशी हकीकत आहे की हाफिज निघाला, होर्मुझला गलबतावर चढला, वादळ पाहून घाबरला आणि माघारी फिरला. सहलीच्या बाबतीत शहाणपण कोणते, हे तेव्हाही ठरवणे सोपे नव्हते असे दिसते.

आता त्या तीन नियमांकडे वळू. इराणने डिसेंबर २०२३ मध्ये ३३ देशांच्या नागरिकांना व्हिसाची अट माफ करण्याचे जाहीर केले. त्या यादीत भारताचे नाव होते, तसेच आपल्या मॉरिशसचेही होते. भारतीयांना ४ फेब्रुवारी २०२४ पासून विमानाने येऊन पंधरा दिवस फिरण्याची मुभा मिळाली. म्हणजे आमचे मोठे काका आणि पुण्याची सून यांचे काम सोपे. ब्रिटिश, अमेरिकन आणि कॅनेडियन पासपोर्टधारकांना मात्र इराणात स्वतंत्रपणे हिंडता येत नाही. त्यांना मान्यताप्राप्त संस्थेमार्फत, आधी मंजूर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे आणि गाईड बरोबर घेऊनच फिरावे लागते. माहितीपत्रकात 'गाईडसह सहल' हे सोय म्हणून छापले होते. धाकट्या काकांच्या बाबतीत ती सोय नव्हती, अट होती.

हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या लोकांची समजूत अशी की गाईड बरोबर आहे म्हणजे कुणीतरी जबाबदार आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जानेवारी २०२५ मध्ये, आमच्या त्या बैठकीनंतर थोड्याच दिवसांनी, मोटारसायकलवरून जगप्रवासाला निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला इराणात अटक झाली आणि पुढे हेरगिरीचा आरोप ठेवला गेला. कुटुंबीयांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्याजवळ व्हिसा होता, परवानाधारक गाईड होता आणि मार्गही मंजूर करून घेतलेला होता. नियम पाळणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी तेथे एक नाहीत. ब्रिटिश परराष्ट्र खात्याची सूचनाही हेच सांगत आली आहे: इराणला मुळीच जाऊ नका; ब्रिटिश पासपोर्ट असणे किंवा ब्रिटनशी संबंध असणे एवढेही अटकेला पुरेसे कारण ठरू शकते.

स्टॅनमोरच्या माणसाला हे दूरचे वाटू नये. त्याच ज्युबिली लाईनवर वेस्ट हॅम्पस्टेड स्टेशन लागते. नाझनीन झागरी-रॅटक्लिफ यांचे घर त्या भागातले. आपल्या लहान मुलीला आजोळी नेऊन परतताना एप्रिल २०१६ मध्ये तेहरानच्या विमानतळावर त्यांना पकडले. त्या घरी पोचल्या मार्च २०२२ मध्ये. त्याच सुमारास ब्रिटनने इराणची सुमारे ४० कोटी पौंडांची बाकी चुकती केली. शहाच्या काळात रणगाड्यांसाठी घेतलेले आणि क्रांतीनंतर अडकलेले हे पैसे. दोन्ही बाजूंनी सांगितले की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाचकांनी आपापले मत बनवावे. आमचे असे मत आहे की सरकारांच्या जुन्या हिशेबात पासपोर्ट हे तारण म्हणून धरले जाते आणि ज्याच्या खिशात तो असतो त्याला कुणी विचारत नाही.

पुढे जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण यांच्यात बारा दिवसांचे युद्ध झाले. १३ जूनला हल्ले सुरू होताच इराणचे आकाश विमानांना बंद झाले. भारताने 'ऑपरेशन सिंधू' या नावाने आपल्या लोकांना बाहेर काढले. विद्यार्थ्यांची पहिली तुकडी रस्त्याने आर्मेनियात नेऊन तेथून विमानाने दिल्लीला आणली, नंतर मशहदहून खास विमाने सुटली. ब्रिटनने तर त्या दिवसांत तेहरानच्या वकिलातीतली आपली माणसेच तात्पुरती काढून घेतली. सप्टेंबरात ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी यांच्या पुढाकाराने राष्ट्रसंघाचे निर्बंध इराणवर पुन्हा लागू झाले. म्हणजे धाकट्या काकांच्या पासपोर्टाचे वजन तेथे आणखी वाढले, तेही नको त्या अर्थाने.

सुनेच्या सवलतीचेही फार दिवस निभावले नाही. नोकरीच्या खोट्या आमिषाने इराणात नेऊन भारतीयांना खंडणीसाठी डांबून ठेवण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून साध्या भारतीय पासपोर्टाची व्हिसामाफी थांबवण्यात आली. भामट्यांनी गुन्हा केला आणि दार बंद झाले ते इस्फहानच्या चौकाची हौस असलेल्या शिक्षिकेला.

मोठे काका त्या रात्री म्हणाले होते, "मग मी एकटाच जातो. आपल्या बेटाचे कुणाशी वैर नाही." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण विमाकंपनी वैर बघत नाही. सरकारने जाऊ नका म्हटलेल्या देशात गेले तर प्रवासविमा सहसा रद्द होतो. लंडनहून विमा काढणाऱ्याला ही गोष्ट हमखास आडवी येते. निर्बंधांमुळे परदेशी बँकांची कार्डे इराणात चालत नाहीत, म्हणून इस्पितळाचा खर्चसुद्धा रोख द्यावा लागतो. सत्तरी उलटलेल्या, हृदयविकाराच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाने हे आधी पाहावे. आणखी एक कलम माहितीपत्रकात नसते: १ मार्च २०११ नंतर जो इराणला जाऊन आला त्या ब्रिटिश नागरिकाला अमेरिकेला जाताना व्हिसामाफी मिळत नाही, वकिलातीत जाऊन रीतसर व्हिसा घ्यावा लागतो. काकांची लेक न्यू जर्सीला आहे. ही अट ऐकून काकू पहिल्यांदा गप्प झाल्या.

याची दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाही. इराणला जाऊन आलेले लोक तेथील सामान्य माणसाच्या अगत्याबद्दल भरभरून बोलतात. पाहुणे आले नाहीत तर भुर्दंड तेहरानच्या सत्ताधाऱ्यांना पडत नाही. तो पडतो इस्फहानच्या तांबटाला, यझ्दच्या खानावळवाल्याला आणि तीन भाषा शिकून घरी बसलेल्या त्या गाईडला. इराणचे नाव आपल्या मुलांच्या कानी फक्त बॉम्ब आणि निर्बंध यांच्याच संदर्भात पडावे, हीही हानीच आहे. तरीसुद्धा ब्रिटिश पासपोर्टवरच्या आमच्या माणसाला आज कुणी विचारले तर आम्ही 'जाऊ नका' असेच सांगू. मॉरिशसच्या पासपोर्टवाल्याने जाहिरातीवर विसंबू नये, वकिलातीकडून नियम लेखी घ्यावा आणि विमापत्रातील इराणविषयीचे कलम वाचल्याखेरीज अनामत भरू नये. आमच्या काकांनी ती भरली नव्हती म्हणून बरे.

चौथ्या दिवशी काकूंनीच तोड काढली. सकाळी स्टॅनमोरला गाडीत बसून बाँड स्ट्रीटला बदलले की ब्रिटिश म्युझियम गाठता येते. प्रवेशाला पैसे नाहीत. खोली क्रमांक ५२ मध्ये सायरस राजाचा मातीचा नळा आहे, जेमतेम वीतभर लांबीचा. तो १८७९ साली होर्मुझ्द रस्साम यांना बाबिलोनच्या उत्खननात सापडला. म्हणजे लेख इराणच्या राजाचा, माती आजच्या इराकची आणि मुक्काम लंडनचा. १९७१ साली शहाच्या सोहळ्यासाठी तो तेहरानला जाऊन आला. २०१० साली पुन्हा देण्यास उशीर झाला तेव्हा इराणने म्युझियमशी संबंध तोडल्याचे जाहीर केले होते. शेवटी त्याच वर्षी तो गेला आणि पुढे परतही आला. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही तो मांडला होता. मोठे काका म्हणाले, "याला बरा व्हिसा मिळतो!" त्याच खोलीत ऑक्सस नदीकाठचे सोन्याचे रथ आणि कडी आहेत. हा ठेवा घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यांना वाटेत लुटारूंनी गाठले, एका ब्रिटिश कप्तानाने त्यातला बराचसा सोडवला आणि पुढे तो रावळपिंडीच्या बाजारात विकला गेला. ही दुधाची तहान ताकावर भागवणे आहे हे खरे, आणि ताकही कुणाच्या घरचे हा प्रश्न उरतोच.

परतताना ग्रीन पार्कला गाडी बदलून आम्ही साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये गेलो. तेथे आर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा जमिनीवर काचेच्या घरात अंथरला आहे, साडेदहा मीटर लांब. आर्दबीलच्या दर्ग्यातून तो बाहेर पडला आणि १८९३ साली म्युझियमने २,००० पौंडांना विकत घेतला. रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटे त्याच्यावर पुरते दिवे लावतात. दिवे लागले तसे आम्ही सगळे वाकून कडेचा लेख शोधू लागलो. हिजरी सन ९४६ आणि करणाऱ्याचे नाव मकसूद, गाव काशान. काकूंनी पिशवीतून माहितीपत्रक काढले. काशानचा मुक्काम त्यात तिसऱ्या दिवशी होता.