काढा घेता? मग सिस्टरांना सांगा

वऱ्हाडाला वनौषधी नव्या नाहीत. मेळघाटच्या जंगलात बेहडा आहे, बिबा आहे, सफेद मुसळी आहे. अमरावतीला विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. या परंपरेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझा आक्षेप आहे तो ‘झाडपाला तर आहे, अपाय कसा होईल?’ या समजुतीवर.

ज्यात गुण देण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही असते. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडले. हीच मुळी रक्तदाबाच्या गोळीसोबत गुपचूप घेतली, तर दाब नको तितका खाली जाईल. मधुमेहाच्या गोळीवर कारल्याचा रस घेतल्यास साखर एकदम उतरून घाम आणि चक्कर येऊ शकते. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. दुखऱ्या टाचेला बिबा लावला की फोड येतात; मधुमेह्याच्या पायाला तर तीच जखम चिघळते.

गुळवेलीचा वादही आठवावा. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ती वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. कोणाचेही खरे धरा, आपण नेमके काय पितो हे ठाऊक असणे किती जरुरीचे आहे, ते यातून दिसते.

पण रुग्ण हे डॉक्टरांना सांगत नाही. “सांगतलं त डाक्टर रागावते ना बाई!” हे उत्तर आपल्याकडे नवे नाही. सुई देणाऱ्या, पट्टी बदलणाऱ्या सिस्टरांजवळ मात्र तोच माणूस मोकळा होतो. म्हणून माझे म्हणणे असे की, ही चौकशी सिस्टरांनी करावी. घरचे काय घेता, कशासाठी घेता, किती दिवस झाले, एवढेच न रागावता विचारावे आणि केसपेपरवर लिहून डॉक्टरांच्या नजरेस आणावे.

सिस्टरांवर आधीच कामाचा बोजा आहे आणि त्या काही वैद्य नव्हेत, असे कोणी म्हणेल. बोजा खरा आहे. म्हणूनच केसपेपरवर यासाठी एक रकाना छापावा आणि आयुर्वेदाच्या प्राध्यापकांकडून सिस्टरांना थोडे प्रशिक्षण द्यावे. विचारणे म्हणजे औषध लिहून देणे नव्हे. निर्णय डॉक्टर घेतील. पण माहितीच नसेल तर ते तरी काय करणार?

वाचकांनीही काही पथ्ये पाळावीत. दवाखान्यात जाताना काढ्याची पुडी किंवा बाटली सोबत न्यावी. गरोदर बाईला, तान्ह्या बाळाला किंवा शस्त्रक्रियेआधी कोणतीही मुळी विचारल्याशिवाय देऊ नये. काढा सुरू केला म्हणून क्षयाच्या किंवा साखरेच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर काढा थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि सिस्टरांनी विचारले, तर काही लपवू नये.