डॉल्फिन शंभर टक्के!

"डॉल्फिन शंभर टक्के, नाहीतर पैसे परत!" कोकणात फिरलेल्यांना ही हाक नवीन नाही. वीकान्ताला सात-आठ तास गाडी हाणून आलेले आपण खूश होऊन होडीत बसतो. मग एक पाठ दिसली की चार होड्या इंजिनं पिळत तिकडेच. अर्ध्या तासात फोटो काढून परत, वर कांदाभजी.

स्पष्टच लिहितो, याला डॉल्फिन बघणं नाही, पाठलाग म्हणतात.

आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेकदा हम्पबॅक, म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. हा उथळ पाण्यातच राहणारा. होड्यांना कंटाळून खोल समुद्रात जाईन म्हटलं तर ते त्याचं घर नाही. आययूसीएनच्या यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदलाय, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणंही येतं. ताडोबात वाघामागे जिप्सी पळवली तर आपणच बोंब मारतो ना?

बरं, गढूळ पाण्यात डोळे फारसे कामाचे नाहीत. हा प्राणी आवाज सोडून प्रतिध्वनीवर मासे शोधतो, शिट्ट्यांवर एकमेकांना ओळखतो. चार इंजिनं म्हणजे आमच्या भाषेत सिग्नल शून्य, नॉईज फुल्ल!

गेल्या डिसेंबरात मित्राच्या शिडाच्या बोटीतून गेलो होतो. पहाटे मतलई वारे, दुपारी खारे (शाळेतला भूगोल एकदाचा कामी आला). वेग सायकलीएवढा. दोन तास काहीच नाही. मग एक 'फुस्स', तो ऐकूच आला आधी! आधी चोच, मग कुबड. आम्ही दिशा बदलली नाही. तेच चौघं बराच वेळ बाजूने चालत राहिले. पुढे नारळ तरंगतोय असं वाटावं असं ऑलिव्ह रिडलेचं डोकं. इंजिनवाल्या होडीतून ते दिसतं तरी का?

होडीवाल्याला शिव्या घालू नका. 'अजून जवळ घ्या' ओरडणारे आपण, आणि त्याला डिझेल जाळून दिवसाच्या फेऱ्या भरायच्यात. सगळ्यांना शीड परवडणार नाही, मान्य. पण पैसे डॉल्फिनचे नाही, तासाचे ठरवा. पन्नास मीटरवर इंजिन बंद करायला सांगा, समोरून आडवं जाऊ नका. आणि पैसे परत मागू नका.