एका श्लोकातील शेजारी

दशलक्षण पर्वातील दुसऱ्या दिवशी, म्हणजे उत्तम मार्दवाच्या दिवशी, मंदिरातून परतलो आणि अमेरिकेहून नातीचा दूरध्वनी आला. ती तेथे सातवीत शिकते. शाळेत त्या आठवड्यात रोझा पार्क्स यांचा धडा झाला होता. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास या कृष्णवर्णीय बाईंनी नकार दिला व त्यांना अटक झाली. त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने हजारो पत्रके छापून घेतली, आणि त्यानंतर ३८१ दिवस कृष्णवर्णीय समाज बसमध्ये चढला नाही. चर्चमधून सभा होत. घरकाम करणाऱ्या बाया मैलोगणती पायी कामावर जात. काही जणी घरी पदार्थ करून विकत आणि आलेला पैसा चळवळीला देत. हे सगळे सांगून नातीने विचारले, "आजोबा, आपल्या धर्मातल्या बायकांनी असं काही केलं का?"

प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी उत्साहाने सोलापूरचा इतिहास सांगू लागलो. ज्या काळी विधवेचे तोंड पाहणेही अशुभ मानीत, त्या काळी मुंबईच्या शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई आणि आपल्या सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई या दोघी वैधव्यानंतर कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्यांनी शास्त्राध्ययन केले आणि श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. पुढे सोलापूरच्या श्राविकाश्रमातून पंडिता सुमतीबाई शहा यांचे कार्य उभे राहिले. संस्कृत आणि न्यायशास्त्र शिकलेल्या या बाईंनी षट्खंडागमासारख्या सिद्धान्तग्रंथाचे संपादन केले. शासनाने त्यांना पद्मश्री दिली. स्त्रीने शास्त्र दुरूनच ऐकावे, या समजुतीला त्यांच्या कामाने उत्तर दिले.

माझी थोरली आत्या या श्राविकाश्रमात शिकलेली. सतराव्या वर्षी कुंकू पुसले गेले. आजोबांचे चाटी गल्लीत कापडाचे दुकान होते. त्यांनी तिला माजघरात न ठेवता आश्रमात पाठविले. ती शिक्षिका होऊन बाहेर पडली. आमच्या घरात तत्त्वार्थसूत्राचा अर्थ सांगण्याचा मान पुढे तिचाच राहिला.

नात ऐकत होती. मग म्हणाली, "छान. पण आपल्या देवळात कोणाला बाहेर ठेवत होते का?"

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. आपल्याच जिल्ह्यातील अकलूजचा दाखला वयस्क वाचकांना स्मरत असेल. १९४७ साली मुंबई सरकारने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. तो जैन मंदिरांनाही लागू होतो काय, हा वाद अकलूजच्या मंदिरावरून पेटला. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नाचा त्याग केला. समाज उच्च न्यायालयात गेला. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी निर्णय दिला की, जैन मंदिरात हिंदूंना हक्क म्हणून प्रवेश नसेल, तर या कायद्याने हरिजनांनाही तसा नवा हक्क मिळत नाही. पुढे १९५६ च्या कायद्यात मात्र जैन मंदिरांचाही स्पष्ट समावेश झाला.

आपला धर्म स्वतंत्र आहे, तो दुसऱ्यात विरून जाऊ नये, ही त्या वेळची समाजाची चिंता खोटी नव्हती. महाराजांच्या तपाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. परंतु बँकेत उमेदवारीच्या दिवसांत एक धडा आम्ही शिकलो होतो. दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला म्हणजे हिशेब जुळला असे होत नाही. न्यायालयाने आपली ओळख मान्य केली. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न आपल्या वहीत शिल्लकच राहिला.

तो प्रश्न आपल्या शास्त्राने मात्र शिल्लक ठेवलेला नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत. त्यांत कुल म्हणजे पित्याचा वंश आणि जाति म्हणजे मातेचा वंश, या दोहोंचा अभिमान येतो. जन्माच्या दोन्ही बाजूंची वाट आचार्यांनी अशी बंद केली. चांडाळकुळात जन्मलेला सम्यग्दृष्टी हा राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखा आहे, देवही त्याला देव मानतात, असे ते सांगतात. त्याच ग्रंथात पाच अणुव्रतांच्या फळाचे दाखले देणारा एक श्लोक आहे. अहिंसेसाठी त्यात मातंगाचे नाव आहे. हा यमपाल चांडाळ, व्यवसायाने फाशी देणारा. चतुर्दशीला जीव मारणार नाही या व्रतापायी त्याने राजाची आज्ञा मोडली. सत्यासाठी धनदेव आहे, आपल्यासारखाच व्यापारी. साक्षीदार नसतानाही भागीदारीचा शब्द त्याने फिरविला नाही. ब्रह्मचर्यासाठी नीली ही श्रेष्ठिकन्या आहे. चांडाळ, व्यापारी आणि स्त्री यांना आचार्यांनी एकाच श्लोकात शेजारी बसविले, आणि मातंगाला पहिले स्थान दिले. धनदेवाने तक्रार केल्याचे कोठे लिहिलेले नाही.

तक्रार मी केली होती, तीही न बोलता. बँकेतील माझ्या नोकरीच्या मध्यकाळात आमच्या शाखेत बौद्ध समाजातील एक बाई रोखपाल म्हणून आल्या. हिशेबात अतिशय चोख. दुपारी सर्व कर्मचारी एका टेबलावर डबा खात. त्या आल्यापासून मी माझा डबा आतल्या खोलीत नेऊ लागलो. कारण तयार होतेच : आम्हाला कांदा-लसूण चालत नाही. एके दिवशी त्या सहज म्हणाल्या, "साहेब, आज माझ्या डब्यात कांदा नाही. तरी तुम्ही उठलात." त्याआधीची दहा वर्षे मी त्याच टेबलावर कांदा खाणाऱ्या सहकाऱ्यांच्या शेजारी बसून जेवत होतो, हे त्यांना ठाऊक होते. मी काहीतरी पुटपुटलो आणि डबा घेऊन आत गेलो.

आपले आहाराचे नियम मी आजही पाळतो आणि पाळीत राहीन. परंतु तो नियम ताटात काय आहे यासंबंधी आहे. शेजारी कोण बसले आहे याविषयी त्यात एक अक्षरही नाही. मी धर्माचे नाव पुढे करून मदाचा खर्च धर्माच्या खात्यावर टाकला. लेखापरीक्षणात अशी नोंद सापडली असती, तर मीच ती लाल शाईने खोडली असती.

आत्याला तिच्या अखेरच्या वर्षांत ही गोष्ट मी सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्या वाड्यात झाडायला येणारी बाई ओंजळीत पाणी प्यायची. मी आश्रमातून शिकून आले, सगळ्या बायकांना वाचायला शिकवलं. तिच्या मुलीला शिकवलं, पण पायरीवर बसवून. मला आत घेतलं होतं, रे. तिला मी आत घेतलं नाही." तिने यापुढे काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

नातीला मी या दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "मग त्या बाईंना सॉरी म्हणालात का?"

क्षमावाणीला आमच्या घरून दरवर्षी दीडशेवर पत्रे जात. आडत्यांना, व्याह्यांना, जुन्या खातेदारांना. त्या बाईंना एकदाही गेले नव्हते. या वर्षी पत्र न पाठविता मी स्वतः गेलो. त्या निवृत्त होऊन मुलाकडे राहतात. मी डब्याची आठवण काढली तेव्हा त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मला वाटलं, तुम्ही विसरला असाल," एवढेच म्हणाल्या. माफ केले असे त्यांनी म्हटले नाही, आणि तसे म्हणावे असा आग्रह धरण्याचा मला अधिकार नव्हता. सुनेने पाणी आणले. मी प्यालो. सूर्यास्ताला अवकाश होता, म्हणून त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वाढली. "चटणीत लसूण घातलेला नाही," असे त्यांनी आपणहून सांगितले. एवढ्या वर्षांनीही माझा नियम त्यांच्या लक्षात होता.

वाचकहो, आपल्या दुकानातील हमाल, गोदामाचा राखणदार, घरी भांडी घासणारी बाई यांची नावे आपल्या क्षमावाणीच्या यादीत आहेत काय, एवढे एकदा पाहावे. नसतील तर त्यांना छापील पत्र पाठवू नये. उंबऱ्याच्या आत बोलवावे, शेजारी बसवावे आणि मग क्षमा मागावी. आपल्या लेकीसुनांना श्राविकाश्रमाने जे दिले, त्याची पुढची नोंद यातूनच होईल.

जय जिनेंद्र.