रबरी मासा आणि गाभोळी

परवा आमचा कॅलिफोर्नियातला नातू सुट्टीला आला तो बॅगेत एक मासा घेऊन. रबरी! चांगला वीतभर लांब, अंगावर ट्राउट माशाचे ठिपके, शेपूट मऊ लिबलिबीत. घरच्या काट्यावर टाकला तर १४० ग्रॅम भरला. हिला वाटलं पणतवंडासाठी खेळणं आणलं. तर म्हणे, "आजी, ह्याला स्विमबेट म्हणतात. बास पकडायचं आमिष."

आता आमची मासेमारी म्हणजे कळकाची काठी, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. ह्यातले हाताने घडवलेले मासे शंभर डॉलरच्या वर जातात हे ऐकल्यावर मी म्हटलं, "अरे, एवढ्या पैशांत वर्षभराचं कालवण होईल की!" आणि मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून पुढे एक वाक्य ठोकून दिलं: "मोठं आमिष म्हणजे मोठी हाव." ते वाक्य मी आता मागे घेतोय, पण अर्धंच. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी ही भानगड काय ते सांगतो. बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, जबडा हा एवढा मोठा. स्वभावाने आपल्या मरळीच्या जातीचा, म्हणजे दबा धरून बसायचं आणि टप्प्यात येईल ते गिळायचं. फ्लोरिडाकडची मोठी वाढणारी बासची जात १९५९ साली सॅन डिएगोच्या तलावात नेऊन सोडली. तिकडच्या तलावांत हिवाळ्यात हौशी लोकांसाठी ट्राउट सोडतात. बासला आयती मेजवानीच! खाऊन खाऊन ते प्रचंड झाले आणि बारक्या आमिषाकडे ढुंकून बघेनात. मग लोकांनी ट्राउटएवढेच खोटे मासे बनवले, आधी लाकडाचे, मग रबराचे.

हे शिकायला सुरुवात कशी करायची, तर नातवाचं म्हणणं मला पटलं. आपली बारकी काठी इथे चालत नाही. आठेक फुटांची जाड काठी, दणकट रीळ आणि २०-२५ पौंडांचा ताण सोसणारा दोरा हवा, नाहीतर पहिल्याच फेकीला दोरा तुटून शंभर डॉलर हवेतून जाताना बघायचे. फेकताना झटका द्यायचा नाही, पाळण्याला झोका द्यावा तसं वजन सावकाश मागून पुढे सोडायचं. अगदी नवख्याने आठ इंचीऐवजी पाच-सहा इंची घ्यावं, आणि एकच घ्यावं. दहा प्रकार घेणारा दर पाच मिनिटांनी आमिष बदलत बसतो आणि त्याला एकाचंही पोहणं कळत नाही.

पोहणं बघायला आम्ही एका ओळखीच्यांच्या शेततळ्यावर गेलो. धरणाच्या पाण्यात असं उठून गळ टाकणं बरं नव्हे, तिथे आधी रीतसर विचारावं लागतं. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद, पाणी नितळ. नातवाने पक्कडीने आमिषाचे गळच काढून टाकले. म्हटलं, हे काय? तर म्हणे, पहिला दिवस बिनगळाचा. किती वेळात किती खोल जातं, कुठल्या वेगाला शेपूट जिवंत वाटते, एवढंच बघायचं. शेपूट जेमतेम हलेल इतक्या संथपणे रीळ फिरवायचं. मी दोन तास काठावर बसून होतो. आयुष्यभर पोरांना निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून ओरडलो, पण माझी स्वतःची काठी बिनगळाची कधी पाण्यात गेली नव्हती.

आणि मासा? तो म्हणाला, मोठ्या आमिषाला दिवसच्या दिवस काही लागत नाही. एखादा मोठा मासा काठापर्यंत मागे मागे येतो, बघतो आणि वळून जातो. तेवढंच! म्हणजे हे रिकाम्या हाताने घरी यायची तयारी असणाऱ्याचं काम. हावरटाला हे जमणारच नाही. म्हणून वाक्य मागे घेतलं.

आता उरलेलं अर्धं. बासमध्ये जे अगदी मोठे असतात त्या बहुतेक माद्या असतात. खडशीतही (तुम्ही महसीर म्हणता ती) मोठ्या अंगाची ती मादीच, आणि जितकी मोठी तितकी तिच्या पोटात अंडी जास्त. म्हणजे मोठं आमिष टाकणारा नेमका आयांवर नेम धरतो. बारक्या गळाला पोरंसोरंही लागतात, ह्याला आईच लागायची.

१९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास पकडला. २००९ साली जपानमधल्या बिवा सरोवरात कुरिता ह्यांनी त्याची बरोबरी करेपर्यंत तो विक्रम एकट्या त्याच्याच नावावर होता. पेरीच्या घरच्यांनी तो मासा खाल्ला. मंदीचे दिवस, घरात खाणारी तोंडं. मी त्याला नावं ठेवणार नाही. ठेवायचा अधिकारही नाही. आमच्या लहानपणी मृगाचा पाऊस पडला की चढणीच्या माशांवर अख्खं गाव तुटून पडायचं. ओढ्यात उलट चढणारा मासा कशासाठी चढतोय हे काय कुणाला माहीत नव्हतं? गाभोळीचा मासा आला की आई तव्यावर गाभोळी वेगळी परतायची आणि ती मला मिळायची, कारण मी शाळेत हुशार. त्या चवीची आठवण अजून जिभेवर आहे आणि आता तिच्यामागे हिशेब येतो. एका गाभोळीत किती खडशी होत्या?

ही खडशी तर आपली घरची. कर्नल साइक्सने १८३९ साली तिला शास्त्रीय नाव दिलं तेही पुण्याच्या मुळा-मुठेतला मासा बघून. पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी १९७०च्या सुमारास तिची अंडी हाताने फलवून पिल्लं वाढवली. देहूच्या आणि महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवाच्या धाकाने मासे राखले गेले. एवढ्या लोकांनी जे राखलं ते मी तव्यावर टाकलं, असं म्हटलं तर फार होईल, पण खोटं नाही.

नातू सहज म्हणाला, "आजोबा, मुळशीत बास सोडले तर?" मी उठूनच बसलो. १९५२ साली देशात आणलेली चिलापी आज कुठल्या तळ्यात नाही ते सांग म्हटलं. लोणावळ्याची हीच आपली गरीब खडशी कावेरीत नेऊन सोडली, तर तिथल्या मूळच्या महसीरला ती जड गेली असं संशोधक सांगतात. बासला तर जपानने कायद्याने उपद्रवी ठरवलंय. तिकडचं आमिष आण, मासा आणू नकोस.

तर माझं म्हणणं एवढंच, की ज्याला मोठं आमिष टाकायचंय त्याने गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा, लागलेला मासा पाण्यातच ठेवून सोडवावा, आणि चढणीच्या दिवसांत काठी माळ्यावरच राहू द्यावी. मरळीची पिल्लं पाण्यावर लालसर पुंजक्याने फिरतात, तिथे तर आमिष टाकूच नये. ती भुकेने येत नाही, पिल्लांसाठी अंगावर येते. आमच्या ठाण्याच्या वहिनी म्हणतील, "भावोजी, म्हातारपणी सुचलं." हो, म्हातारपणीच सुचलं.

नातू गेला. रबरी मासा मला ठेवून गेलाय, गळ काढलेला. फडताळात असतो. मांजर रोज येऊन वास घेतं आणि माझ्याकडे बघतं.