बांगड्या फोडणारे हात

नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या कोण फोडतं? असं विचारलं की लोक रूढीकडे बोट दाखवतात, शास्त्राकडे दाखवतात, कुणी भटजींचं नाव घेतं. मयताच्या घरात जाऊन पाहिलं तर भटजी त्या खोलीत नसतात. पुरुष अंगणात तिरडी बांधत असतात. आत फक्त बायका. त्यातली एक चुलत जाऊ, एक शेजारीण आणि पुष्कळदा दहा-वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या बांगड्या फुटलेली एखादी आत्या. कुंकू पुसतात त्या, मंगळसूत्र काढतात त्या, जोडवी उतरवतात त्या. काही गावांत हे मयत उचलायच्या आधी होतं, काही ठिकाणी दहाव्याला नदीवर. हात मात्र घरोघरी तेच.

यावर एक तयार शेरा असतो: बायकाच बायकांच्या वैरी. मला तो शेरा आळशी वाटतो. त्या आत्याला भाचसुनेचा राग नसतो. तिच्या गळ्यात पडून आधी तीच रडलेली असते. तिला एवढंच ठाऊक असतं की हे आपण केलं नाही, तर पाठीमागे बसलेली कुणीतरी विचारणार, ‘अजून कुंकू कसं?’ आणि ते विचारणारीलाही वाटत असतं की आपण गप्प बसलो, तर आपल्या पाठीमागची विचारेल. खोलीतल्या दहाही बायकांना वेगवेगळं गाठून विचारा. निम्म्या तरी म्हणतील, नको हो हे, बघवत नाही. दहाजणी एकत्र बसल्या की मात्र बांगड्या फुटतात. एकटीचं मत आणि दहाजणींचं वागणं यांच्यातल्या या अंतरात आपला बराचसा समाज राहतो.

हे शिकवतं कोण? शाळा शिकवत नाही. आईसुद्धा मुलीला समोर बसवून ‘विधवेला बोलवायचं नसतं’ असा धडा देत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात. पाच-सहा वर्षांची मुलगी आईचं बोट धरून घरोघर जाते. तिला तिळगूळ मिळतो, वाणातला एखादा प्लास्टिकचा डबा हातात पडतो, कौतुक होतं. ती पाहते की शेजारच्या काकूंना बोलावणं गेलं, त्यांच्या जाऊबाईंना गेलं नाही. कुणाकडे जाऊबाई घरातच असतात, पण अत्तर-गुलाबपाणी चालू असताना त्या स्वयंपाकघरात चहाचं आधण बघत असतात. ‘त्या बाहेर का येत नाहीत?’ असं मुलीने विचारलंच तर आई डोळे मोठे करते. धडा संपला. पुढे वीस वर्षांनी ही मुलगी यादी करायला बसेल, तेव्हा कोणती नावं गाळायची हे तिला कुणी सांगावं लागणार नाही.

समाजशास्त्राच्या पुस्तकात याला सामाजीकरण म्हणतात आणि परीक्षेला त्यावर टीप येते. कुटुंब, शाळा, सवंगडी, प्रसारमाध्यमं अशी चार नावं लिहिली की गुण मिळतात. टिपेत एक गोष्ट येत नाही. माणूस लहानपणी एकदाच घडतो आणि मग तसाच राहतो, हे खरं नाही. गट बदलला की तोच माणूस निराळा वागतो. आपल्या लेकीसुनाच पाहा. माहेरी आलेली मुलगी पाय पसरून बसते, मोठ्याने हसते, आठ वाजेपर्यंत झोपते. सासरच्या एसटीतून उतरली की पदर सावरला जातो, आवाज खाली येतो, चाल बदलते. यात ढोंग काही नाही. दोन्ही ठिकाणी ती खरीच असते, फक्त तिच्याकडे बघणारे डोळे बदललेले असतात.

नातेसंबंधांच्या या व्यवस्थेचा अभ्यास इरावती कर्वे यांनी देशभर फिरून केला. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावात द्यायची रीत. दक्षिणेत ती पुष्कळदा नात्यातच, ओळखीच्या घरात जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. नवी सून किती दबून वागणार, हे तिच्या स्वभावाइतकंच ती कोणत्या गोतात जाऊन पडली यावरही ठरतं, हे त्यांचं १९५३ सालचं नातेव्यवस्थेवरचं पुस्तक वाचताना जागोजाग जाणवतं. इरावतीबाई स्वतः ज्या घरात सून म्हणून आल्या, त्या घराला गटाची ताकद कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

ते घर धोंडो केशव कर्वे यांचं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्यानंतर तब्बल ३७ वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या विधुर कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. लग्न पूर्णपणे कायदेशीर होतं. सरकारची हरकत नव्हती. हरकत होती दापोलीजवळच्या मुरुडची, त्यांच्या स्वतःच्या गावाची. गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. मुलाला घरात घेतलंत तर तुम्हीही वाळीत, हा धाक त्यांच्या आईपर्यंत पोहोचला. कर्वे आपल्या जागी ठाम राहिले, पण झळ लागली ती घरच्यांना. गटाची शिक्षा अशीच असते. ती गुन्हेगार माणसापुरती थांबत नाही, त्याच्या मायेच्या माणसांना ओलीस धरते. म्हणून तर भले भले सुधारक लेख लिहीत आणि घरात गप्प बसत.

कर्व्यांचं मोठेपण सांगताना आपण त्यांच्या धैर्याबद्दल बोलतो. मला त्यांची व्यवहारबुद्धी जास्त मोठी वाटते. पुनर्विवाह केलेली जोडपी एकेकटी पडतात, त्यांच्या मुलांना पंगतीत घेत नाहीत, सणावाराला कुणी येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि १८९४ मध्ये अशा जोडप्यांचा कुटुंबमेळाच भरवला. एकत्र जेवण, एकत्र बसणं, मुलांनी मुलांशी खेळणं. म्हणजे एका गोताने टाकलेल्यांना त्यांनी दुसरं गोत दिलं. हिंगण्याचा आश्रम पुढे उभा राहिला, विद्यापीठ झालं, १९५८ साली भारतरत्नही मिळालं. या सगळ्याच्या मुळाशी मला ती पंगत दिसते.

त्याच्या थोडं आधीची, याहून कमी सांगितली जाणारी एक गोष्ट मुंबईतली आहे. ब्राह्मण विधवांचं केशवपन करायला न्हावी लागे. एकटा न्हावी नाही म्हणाला तर त्याचं गिऱ्हाईक जायचं आणि काम दुसऱ्याकडे जायचं, विधवेचे केस काही वाचायचे नाहीत. १८९० च्या सुमारास गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असा ठराव केला. तेव्हाचे किती लेख आणि किती व्याख्यानं केशवपनावर झाली असतील! वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनीच आपापसांत ठरवलं तेव्हा त्या प्रश्नाला खरा हात लागला.

आता थेट मे २०२२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते दिवस होते. आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा १९१७ सालीच करणाऱ्या राजाला याहून बरी आदरांजली कोणती असणार? लगोलग हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे १९२० च्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

तेव्हा शहरांतल्या दिवाणखान्यांत काहीजण हसले. बांगडी फोडू नका असं सांगायला ग्रामपंचायत कशाला हवी, ज्याचं त्याने ठरवावं, असा त्यांचा मुद्दा. वरवर तो स्वातंत्र्याचा वाटतो. पण ज्याचं त्याने ठरवायचं असतं तर ही प्रथा केव्हाच बंद पडली असती. मयताच्या खोलीतल्या त्या दहाजणींना ठरावाने काय दिलं, ते बघा. ‘मला नको वाटतं’ हे वाक्य तिथे उच्चारता येत नाही. त्याने आत्या दुखावते, सासू दुखावते. ‘आता गावात चालत नाही’ हे मात्र सहज म्हणता येतं. त्यात कुणाचा अपमान नाही, कुणाला शहाणपणा शिकवणं नाही. दोष गावावर जातो आणि बाईचं कुंकू राहतं. आजवर ज्या आडोशामागे रूढी लपली, तोच आडोसा आता नाही म्हणणारीच्या कामी आला.

यात धोकाही आहे. गावाने ठरवलं म्हणजे चांगलंच ठरवलं, असं मुळीच नाही. मुरुडच्या सभेनेही ठरवलंच होतं. आजही जातपंचायती ठरवतात: दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून, निवडणुकीत उभा राहिला म्हणून, दंड भरला नाही म्हणून कुटुंबं वाळीत पडतात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. तो २०१६ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकविसाव्या शतकात असा कायदा करावा लागला, याचा अभिमान वाटून घ्यावा की लाज, हे वाचकांनी आपलं आपण बघावं. मला दोन्ही वाटतं. मुरुडला काय आणि हेरवाडला काय, बळ एकच, गटाचं. मी तपासतो ते एवढंच, की ठरावानंतर एकट्या माणसाला श्वास घ्यायला जागा वाढली की कमी झाली. हेरवाडच्या ठरावाने कुंकू लावण्याची सक्ती केलेली नाही, पुसण्याची सक्ती काढली आहे.

परिपत्रकाचं मात्र मला फारसं कौतुक नाही. वरून कागद आला, ग्रामसेवकाने मजकूर उतरवून घेतला, सरपंचांनी सही केली, तालुक्याला अहवाल गेला. असे ठराव दप्तरात पडून राहतात. ज्या सभेत बायका बोलल्याच नाहीत, तिचा ठराव मयताच्या खोलीत पोहोचत नाही, कारण त्या खोलीत सरपंच नसतात.

त्या खोलीत असतात बचत गटातल्या बायका. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गावात बाईला मिळालेलं हे एकमेव नवं गोत. भावकी जन्माने मिळते, सासर लग्नाने, बचत गट मात्र ती स्वतः निवडते. दहा-बाराजणी ठरल्या दिवशी जमतात, पैसे मोजतात, वहीत सही करतात. तिथे बाईचा पुकारा नावाने होतो, अमक्याची सून म्हणून होत नाही. तिथे विधवा शेजारीच बसलेली असते आणि कित्येकदा वही तिच्याकडेच असते, कारण हिशेब तिचा चोख. बँकेत कर्जाच्या कागदावर ती अध्यक्ष म्हणून सही करते. दर आठवड्याला जिच्या शेजारी बसून आपण पैसे मोजतो, तिला हळदीकुंकवाच्या यादीतून गाळताना हात थोडा अडखळतोच. भाषणांनी न झालेलं काम सतरंजीवर शेजारी बसल्याने होतं. प्रत्येक गटात हे झालंय असा माझा दावा नाही. कर्जाचा हप्ता संपला की गट संपला, असेही गट पुष्कळ आहेत.

नेमकं याच्या उलट काम करणारा एक प्रकार अलीकडे जोरात आहे: विधवांसाठी खास हळदीकुंकू. फ्लेक्स लागतो, साहेबांचा फोटो लागतो, साड्या वाटल्या जातात, बातमी छापून येते. हेतू चांगलाही असेल. पण त्या मांडवात सगळ्या विधवाच, आणि सवाष्णींचं हळदीकुंकू आदल्या दिवशी निराळं झालेलं. वेगळी पंगत मांडून आपण समता आणली असं म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास जरा पुन्हा वाचावा. बोलवायचं तर एकाच यादीत, एकाच संध्याकाळी आणि एकाच सतरंजीवर.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, हा नियम आहे. बऱ्याच गावांत ती सभा वहीतच होते, सह्या घरोघर फिरवून. या वेळी ती खरोखर भरवा. ठराव करा, पण त्यासोबत प्रत्येक गल्लीतल्या चारजणींची नावंही ठरवा. घरात मयत झालं की या चौघींनी आधी पोहोचायचं आणि त्या बाईच्या दोन्ही बाजूंना बसायचं. त्यात एखादी वयस्क, मान असलेली आत्या घ्याच. ती बसली की बाकीच्यांना काही सांगावं लागणार नाही.