शाळा-शाळांतून : आजीच्या दप्तरात पाटी

शाळेचं वर्ष संपत आलं, की या सदरासाठी तुमच्या पत्रांचा नुसता पाऊस पडतो. स्नेहसंमेलनं आटोपलेली असतात, बक्षीस समारंभ झालेले असतात आणि परीक्षेचा अभ्यास सुरू व्हायला अजून दोन-चार दिवस असतात. मग काय, घ्या पेन आणि लिहा! 'आमच्या लेझीम पथकाचा पहिला नंबर आला', 'आमच्या मुलींनी खो-खोची ढाल यंदाही राखली', 'नाटकात माझी मिशी गळून पडली, तरी मी संवाद विसरलो नाही'. असली पत्रं वाचताना मला फार मजा येते. शाळेचं कौतुक शाळेतल्या मुलांनी नाही करायचं, तर कोणी करायचं?

पण आज मी तुम्हांला एका वेगळ्याच शाळेची गोष्ट सांगणार आहे. आधी ओळखा पाहू!

ही शाळा भरायची दुपारी दोन वाजता आणि सुटायची चारला. शाळेचा गणवेश होता गुलाबी लुगडं. दप्तरात पाटी, पेन्सिल आणि अंकलिपी. वर्गातल्या सगळ्यांत लहान विद्यार्थिनीचं वय होतं साठ वर्षं आणि सगळ्यांत मोठी होती नव्वदीची!

हसलात ना? पण ही थाप नाही बरं का. ही आहे 'आजीबाईंची शाळा'. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिला दिनाच्या दिवशी, ही शाळा सुरू झाली.

त्याचं असं झालं. योगेंद्र बांगर हे जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. त्या वर्षी फेब्रुवारीत गावात शिवजयंतीचा कार्यक्रम झाला. त्यात वाचन चाललं होतं. ते ऐकता ऐकता गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, की आम्हांलाही असं वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं! आता असं बोलणं आपण सगळेच ऐकतो. 'हो ना आजी' म्हणतो आणि विसरून जातो. बांगर गुरुजी मात्र विसरले नाहीत. त्यांनी गावकऱ्यांशी बोलणी केली. मोतीराम दलाल यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेनं लुगडी, दप्तरं, पाट्या आणि फळा दिला. गावातल्याच एका सुनेनं शिकवायचं कबूल केलं. तिचं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत झालेलं होतं. आणि गंमत म्हणजे, तिच्या वर्गात तिच्या सासूबाईही येऊन बसल्या! घरी सासूबाई आणि शाळेत विद्यार्थिनी. आता सासूबाईंनी गृहपाठ केला नाही, तर बाईंनी काय करायचं, हे तुम्हीच सांगा!

गुलाबी रंगाचं मला विशेष वाटलं. आपल्या खेड्यांतून नवरा गेलेल्या म्हाताऱ्या बाईनं उजळ रंग नेसायचा नाही, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती. इथे सगळ्या आज्या एकाच रंगात. गणवेश असतोच मुळी त्यासाठी. श्रीमंत-गरीब, सवाष्ण-विधवा, सगळे भेद फाटकाबाहेर! शिवाय प्रत्येक आजीच्या नावानं एक झाड लावलं गेलं आणि त्याला पाणी घालायचं काम त्याच आजीकडे दिलं गेलं.

अभ्यास सोपा नव्हता हं. तुम्ही बालवाडीत होतात तेव्हा तुमची बोटं लोण्यासारखी मऊ होती. आजीची बोटं मात्र सारी हयात खुरप्याच्या मुठीभोवती आणि जात्याच्या खुंट्याभोवती वळलेली. तिला पेन्सिल धरायची म्हणजे केवढी पंचाईत! एकीला नीट दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही, तिसरी काल शिकलेलं आज विसरते. मग बाईंनी पुन्हा मोठ्यानं सांगायचं आणि पुन्हा गिरवून घ्यायचं. घरी गेल्यावर अभ्यास घ्यायला नातवंडं होतीच.

आणि या शाळेचा निकाल काय लागला, ठाऊक आहे? आज्या बँकेत जाऊन अंगठ्याऐवजी सही करू लागल्या!

'एवढंच?' असं कोणीतरी मनात म्हणालं. मला ऐकू आलं. मीही एकेकाळी तसंच म्हटलं असतं. म्हणून आता माझीच एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला फारसा अभिमान वाटत नाही, तरी सांगते.

मी पाचवीत असताना हस्ताक्षर स्पर्धेत पहिली आले होते. घरात केवढं कौतुक झालं! आजीनं माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुंबईहून काकांची मनीऑर्डर आली. पोस्टमनकाकांनी शाईची डबी उघडली. आजीनं अंगठा टेकवला आणि लगेच पदराच्या आतल्या बाजूला पुसून टाकला. कोणाला शाई दिसू नये म्हणून. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहानसं कूपन असायचं आणि पैसे पाठवणारा त्यावर दोन ओळी लिहायचा. आजी म्हणाली, "बाय, तुझ्या काकानं काय लिहिलंय, वाच की." मी घाईघाईनं एका दमात वाचलं आणि खेळायला पळाले. थोड्या वेळानं परत आले, तर आजी ते कूपन डोळ्यांजवळ धरून बसली होती. त्यातलं एकही अक्षर तिला वाचता येत नव्हतं. तरी बघत होती.

तालुक्यात सर्वांत सुंदर अक्षर असलेली मुलगी त्या घरात राहत होती! पण 'आजी, बस इथे, मी तुला तुझं नाव लिहायला शिकवते', असं काही तिला सुचलं नाही. एका सुट्टीचं काम होतं. आजी आता नाही. हस्ताक्षराचं प्रमाणपत्र अजून माझ्या ट्रंकेत आहे.

आजीला शाळेत का घातलं नव्हतं, हेही मी तिला कधी विचारलं नाही. पण त्या पिढीतल्या बहुतेक मुलींचं उत्तर एकच असायचं. भाऊ शाळेत गेला. मी धाकट्या भावंडांना सांभाळलं, पाणी भरलं, गुरांमागे गेले आणि मग लग्न झालं. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम नऊ जणींना लिहिता-वाचता येत होतं. २०११ मध्ये शंभरातल्या पासष्ट जणींना येऊ लागलं. आपल्या महाराष्ट्रात तर पंचाहत्तरांहून अधिक जणींना. हा केवढा मोठा पल्ला आहे! पण याचाच दुसरा अर्थ असा, की २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या चार बायकांपैकी जवळजवळ एकीला अक्षर येत नव्हतं. ती एक जण कोणाची तरी आजी होती, कोणाची तरी आई होती.

मोठ्या माणसांना शिकवण्याची खटपट आपल्याकडे जुनीच आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती सगळ्या महाराष्ट्रात पसरली. शिक्षक आणि शिकलेली पोरं कंदिलाच्या उजेडात गावकऱ्यांना शिकवायची. सगळा गाव साक्षर झाला, की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. जणू गावाचं स्नेहसंमेलनच!

पण पुढे एक अडचण दिसून आली. शिकलेली पुष्कळ माणसं काही वर्षांनी अक्षरं विसरली. का? कारण नंतर त्यांच्या हाती वाचायला काही पडलंच नाही. ढाल जिंकली आणि काचेच्या कपाटात ठेवली, तर ती वर्षानुवर्षं तशीच राहते. अक्षरांचं तसं नाही. ती रोज वापरली तरच टिकतात.

'पण ताई, आमच्या आजीला या वयात कसं जमेल?' अशी शंका आलीच असेल. त्यांच्यासाठी केरळातल्या कार्त्यायनी अम्मांची गोष्ट. या आळप्पुळा जिल्ह्यातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आयुष्य देवळांत झाडलोट करण्यात गेलेलं. घरात पणतवंडं अभ्यासाला बसायची, त्यांच्यासोबत याही बसू लागल्या. २०१८ साली त्यांनी केरळ सरकारच्या 'अक्षरलक्षम्' कार्यक्रमाची परीक्षा दिली. तेव्हा त्यांचं वय होतं शहाण्णव वर्षं आणि त्यांना गुण मिळाले शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! वाचनात पैकीच्या पैकी, गणितात पैकीच्या पैकी. लेखनात चाळीसपैकी अडतीस. २०२० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२३ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्या गेल्या. आता तुमची आजी 'माझं काय वय आहे का शिकायचं?' असं म्हणाली, तर तिला ही गोष्ट जरूर वाचून दाखवा.

आणि यात तुमच्या शाळेचाही संबंध आहे बरं का! २०२२ ते २०२७ या वर्षांसाठी देशभर 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखलेला आहे. ज्यांची शाळा हुकली, अशा पंधरा वर्षांवरच्या माणसांसाठी तो आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांत शाळेतले विद्यार्थीही असू शकतात. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या शाळाशाळांमधून या कार्यक्रमाची परीक्षा झाली. वाचन पन्नास गुण, लेखन पन्नास गुण आणि संख्याज्ञान पन्नास गुण. ज्या बाकांवर एरवी तुम्ही बसता, त्यांवर त्या दिवशी आज्या, आजोबा, मावश्या आणि काका बसले होते. तुमच्या शाळेत असं कोणी शिकत आहे का, हे आपल्या गुरुजींना किंवा बाईंना विचारून पाहा.

कार्यक्रम असो वा नसो, घरच्या घरीही सुरुवात करता येते. कशी करायची ते सांगते. पहिल्या दिवशी आजीचं स्वतःचं नाव पाटीवर ठळक लिहून द्या. सगळी बाराखडी नंतर. आपलं नाव गिरवताना जो आनंद होतो, तो 'ग, म, भ, न' गिरवताना होत नाही. मग घरातल्या सगळ्यांची नावं घ्या. नंतर एसटीच्या पाटीवरची गावं, औषधाच्या बाटलीवरचं नाव, विजेच्या बिलावरचा आकडा. तिला रोज लागतं ते आधी. गणिताची काळजी करू नका. बाजारात भाजीचा हिशेब ती तोंडी तुमच्याआधी करते. तिला फक्त आकड्यांची चित्रं ओळखायला शिकवायचं आहे. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे.

आणि एक नियम अगदी कडक पाळायचा. चुकलं तर हसायचं नाही. तुम्ही 'ळ' उलटा काढत होतात, तेव्हा ती हसली नव्हती.

आई-बाबांना माझं एकच सांगणं आहे. मुलांच्या गुणपत्रिकेवर सही करताना पेन आजीच्या हाती देऊन पाहा. तिची सही वेडीवाकडी येईल, रेघेच्या बाहेर जाईल. जाऊ द्या. नातवाच्या प्रगतिपुस्तकावर सही करणं म्हणजे काय, हे तिला विचारा.

बालमित्रांनो, तुमची लेझीम, खो-खो आणि स्नेहसंमेलनाची पत्रं येऊ द्यातच. त्यांतली निवडक पत्रं नेहमीप्रमाणे छापू. पण सुट्टी संपल्यावर जे पत्र पाठवाल, त्यात एक ओळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातची हवी. आजीची, आजोबांची, शेजारच्या मावशींची किंवा तुमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांची. नुसतं नाव लिहिलेलं असलं तरी चालेल. शाई सांडली असेल, काना-मात्रा चुकली असेल, तरी मुळीच खोडू नका. तसंच पाठवा. मी वाट पाहते आहे.

तुमची,
ताई