फर्स्ट इयरचं भूत आणि फॉरेनचा फॉर्म

नोकरीला तीन-चार वर्षं झाली की आपल्यातल्या बऱ्याच जणांना एमएसची स्वप्नं पडायला लागतात. आयईएलटीएसचा क्लास लागतो, लोनचे हिशेब होतात आणि मग ऑनलाइन फॉर्ममध्ये तो रकाना येतो: सर्व सेमिस्टरचे गुण. इथे भल्याभल्यांचा माऊस थबकतो. कारण एकच, फर्स्ट इयर!

माझी एक मैत्रीण भंडाऱ्याची. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग नागपूरला इंजिनीअरिंग आणि रोजचं अप-डाऊन. भंडारा रोड स्टेशन शहरात नाहीच, ते वरठीला. म्हणजे आधी स्टेशन गाठा, मग नागपूर. पहिल्या वर्षी ४८ टक्के, वर गणितात बॅक. शेवटच्या वर्षी मात्र ७२! आता पुण्यात आयटीत आहे. परवा तिचा फोन : "एजंट म्हणते, बॅकचं मार्कशीट लावूच नको. काय करू वं मी?"

बॉस, उत्तर सोपं आहे. लावायचं!

एक तर लपत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिट्या बारावीनंतर जिथे जिथे शिकलात तिथली सगळी ट्रान्सक्रिप्ट्स मागतात. जर्मनीला जायचं तर नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं एपीएसकडून तपासून घ्यावी लागतात. लपवलेलं उघड झालं तर मिळालेली अ‍ॅडमिशनही जाऊ शकते. एजंटचं काय, त्याची फी तोवर जमा झालेली असते!

दुसरं म्हणजे, वाटतं तितकं नुकसान होत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन किमान ३.० जीपीए मागते, पण तो मोजते शेवटच्या ६० सेमिस्टर क्रेडिट्सवर, म्हणजे साधारण शेवटच्या दोन वर्षांवर. फर्स्ट इयर त्या हिशेबात येतच नाही. जर्मनीत मात्र एकूण सरासरी धरतात. तिथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. आपल्याकडे पासिंग ४० असेल तर ६० टक्क्यांचे होतात ३.०. अनेक कोर्सेसना २.५ लागतो, तेव्हा यादी करतानाच हा हिशेब मांडा. आणि फॉर्ममध्ये मार्क जसे आहेत तसेच मागितले असतील तर घरगुती गुणाकार नको. ते ९.५ ने गुणायचं सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, तुमच्या डिग्रीचं नाही.

तिसरा फंडा, खुलासा तीन वाक्यांत. काय झालं, का झालं, पुढे काय बदललं. 'पहिल्या वर्षी ४८ टक्के होते आणि गणितात नापास झाले. मराठी माध्यमातून इंग्रजीत आले होते, रोजचा प्रवास मोठा होता. दुसऱ्या वर्षी नागपुरात खोली घेतली, शेवटच्या वर्षी ७२ टक्के मिळवले.' बस! रडगाणं नको, कॉलेजला शिव्या नकोत. बऱ्याच फॉर्ममध्ये 'अधिक माहिती'चा वेगळा रकाना असतो, हे तिथे लिहा. स्टेटमेंट ऑफ पर्पजची मोक्याची जागा त्यात घालवू नका. रेफरन्स देणाऱ्या सरांनाही सांगून ठेवा. तुमची सुधारणा त्यांनी लिहिली तर तिला जास्त वजन येतं.

तरीही लाज वाटतेय? मग एक आकडा. १९०७ च्या मॅट्रिकला ७५० पैकी २८२. म्हणजे ३८ टक्केसुद्धा नाहीत. हे मार्क डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये ते कोलंबिया युनिव्हर्सिटीत पोचले, १९१५ मध्ये तिथून एमए झाले. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. ते २८२ आजही त्यांच्या चरित्रांत छापले जातात, कुणी खोडत नाही. कारण तेवढ्याने कळतं, माणूस कुठून निघाला होता.

मार्कशीटचंही तेच. ४८ झाकलेत, तर ७२ ची किंमत कुणाला कळणार?